फोटोची मागची बाजू

हौशी माणसांनी काढलेल्या फोटोंवर समीक्षात्मक लेख लिहितो आहे, असे मी शाळेत सांगितले तेव्हा आमच्या हिंदीच्या शिक्षकांनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, उसमें समीक्षा क्या करेंगे आप? फोटो अच्छा आया, या हिल गया. बस!"

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी जाताना वाटले, की गृहस्थ खोटे बोलले नाहीत. कवितेविषयी बोलायला आपल्याकडे रस आहे, ध्वनी आहे, अलंकार आहे. नाटकाविषयी बोलायला निदान मध्यंतर तरी आहे. फोटोविषयी मात्र आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या दोनच शेरे चालत आले. 'चांगला आला' आणि 'हलला'. एम.ए.ला मी भरतापासून मर्ढेकरांपर्यंतचे सौंदर्यशास्त्र वाचले; पण माझ्याच घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत पडलेल्या शेसव्वाशे फोटोंविषयी एक वाक्य धड बोलता येऊ नये, याची मला थोडी लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून आला आहे.

आधी शब्दांचे पाहू, कारण आपण सीमेवरची माणसे दोन भाषांत फोटो काढतो. हिंदीत फोटो 'खींचते हैं' किंवा 'उतारते हैं'. इंग्रजीत तर बंदुकीचीच क्रियापदे आहेत. सुसान सोन्टाग या अमेरिकन लेखिकेने १९७७ सालच्या आपल्या पुस्तकात कॅमेरा भरणे, रोखणे आणि झाडणे या शब्दांवर चांगलेच बोट ठेवले आहे. मराठीत आपण फोटो 'काढतो'. विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, पाटीवर चित्र काढतो, आणि फोटोही काढतो. आमच्याकडच्या बोलीत 'काहाडतो'. जे आत होते ते बाहेर आणणे, असा काहीसा भाव त्या क्रियापदात आहे. माझी आजी मात्र शेवटपर्यंत हिंदी क्रियापदाच्या बाजूची होती. "हे मिशीन जीव खेचते म्हन्तेत," असे म्हणून ती पदराने तोंड झाकून घेई. तिला हसू नये. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकाराचा धंदा करीत होते. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या समजुतीने बडोद्याला त्यांचे दुकान चालले नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. आजीचा एकुलता एक फोटो आमच्याकडे आहे, तो मागून काढलेला. ती तुळशीला पाणी घालते आहे आणि तिला कळलेले नाही.

तो फोटो माझ्या मामांनी काढला. मामांकडे आग्फा क्लिक थ्री होता. त्या काळी आपल्या भागात ज्या दहा घरांत कॅमेरा असेल, त्यांतल्या निदान सहांत हाच असायचा. बडोद्याला तयार होणारा, काळा, हलका, खेळण्यासारखा डबा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. मागच्या बाजूला लाल काचेची एक बारीक खिडकी, तिच्यातून आकडा पाहून रोल पुढे सरकवायचा. ऊन असेल तर सूर्याच्या चिन्हावर खूण आणायची, आभाळ असेल तर ढगाच्या. एवढेच छायाचित्रणशास्त्र. मामांचा रोल पोळ्याला भरला की दिवाळीपर्यंत पुरे, आणि मग तो धुवायला सौसरला किंवा नागपूरला जाई. माझ्या हातात कॅमेरा पहिल्यांदा आला तेव्हा मी नववीत होतो. पाच फोटो झाल्यावर आत काय उमटले ते बघावे म्हणून मी भर दुपारी अंगणात मागचे झाकण उघडले. मामा रागावले नाहीत. त्यांनी तो वाया गेलेला रोल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हा तुझा पहिला फोटो. उन्हाचा."

या स्वस्त कॅमेऱ्याच्या मर्यादांतून एक शैली जन्माला आली, हे आमच्या पिढीच्या लक्षात आले नाही. त्याचे भिंग एका जागी पक्के होते. सहा-सात फुटांच्या अलीकडचे धूसर येई. म्हणून आपल्या जुन्या अल्बममधली सगळी माणसे सहा फुटांवर उभी आहेत. कोणाच्याही चेहऱ्याच्या फार जवळ आपण गेलो नाही. सून, सासरे, मास्तर, पाटील, सगळ्यांना तेच अंतर. फिल्मचा वेग कमी, म्हणून सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा; म्हणजे ज्याचा फोटो काढायचा त्याच्या डोळ्यांवर तो येणार. म्हणून १९६० ते १९९० या काळातली आपली माणसे फोटोत किलकिल्या डोळ्यांनी, कपाळाला आठ्या घालून बघतात. नातवंडे विचारतात, पूर्वीचे लोक एवढे रागीट होते का? रागीट नव्हते बाबांनो, ऊन होते. समीक्षक ज्याला आकृतिबंध म्हणतात तो कधी कधी भिंगाच्या किमतीतून येतो, हे एम.ए.च्या अभ्यासक्रमात नव्हते.

मराठी माणसाच्या छायाचित्रणाचा आरंभच मुळी हौसेतून झाला, हे येथे सांगायला हवे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली; छायाचित्रणाची विद्या पॅरिसमध्ये जाहीर झाल्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. त्या सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही वैद्यकीचे पदवीधर आणि कुशल छायाचित्रकार. कुष्ठरोगावर औषध शोधणारा, शिलालेख वाचणारा माणूस काचेच्या ओल्या पट्टीवर फोटोही घेतो, यात त्या काळाला काही विसंगत वाटले नाही. हौस म्हणजे कच्चेपणा हा अर्थ नंतरचा. पुढे १९१२च्या सुमारास फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, त्याचा कोंब ते वेल अशी वाढ एकेक चित्र घेत टिपली. भांडवलदाराला पटवण्याचा हेतू त्यामागे होता हे खरे. परंतु रोज उठून त्याच कुंडीसमोर कॅमेरा नेणे हे नुसत्या व्यवहाराने होत नाही.

मग हौशी छायाचित्रकाराचे बिनसले कोठे? माझ्या मते, तो कलावंत होऊ पाहू लागला तेथे. हे वाक्य कठोर वाटेल, म्हणून माझ्याच गुन्ह्याची हकिकत सांगतो. नोकरी लागल्यावर मी हप्त्याने याशिका घेतला. छत्तीस फोटोंचा रोल, नागपूरच्या प्रदर्शनांच्या वाऱ्या, छायाचित्रणाची मासिके. तिसांची विभागणी, आडव्या रेषा, मावळतीचा प्रकाश, सगळे शिकलो. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजीबाईंचा सुरकुतलेला चेहरा दारातल्या तिरप्या उजेडात घेतला. पार्श्वभूमी काळी. त्याला नाव दिले 'प्रतीक्षा' आणि एका स्पर्धेला धाडून दिला. उत्तेजनार्थ बक्षीस आले. मी तो मोठा करून आजीबाईंना दाखवायला नेला.

"काय नाव ठेवलं म्हन्ते याले?"

"प्रतीक्षा. म्हणजे वाट पाहणं."

"कोनाची वाट, बापा? मी त तूर निवडत होती."

सूप चौकटीच्या खाली राहिले होते. मीच ते कापले होते, चेहऱ्याला उठाव यावा म्हणून. तेव्हापासून कोणत्याही प्रदर्शनात 'एकांत', 'सांजवेळ', 'जीवनप्रवास' अशी नावे दिसली की मला त्या चौकटीबाहेरचे सूप आठवते. धुक्यातली बैलगाडी, सूर्यबिंबासमोरची होडी, विडी ओढणारा म्हातारा: ही चित्रे वाईट नसतात. पुष्कळदा फार चांगली असतात. पण त्यांत कोणी कोणाचे नसते. तो म्हातारा कोणत्या गावचा, ही बैलगाडी कोणाच्या वावरातून आली, हे विचारण्याची सोय त्या नावांनी बंद केलेली असते.

आता ट्रंकेकडे येतो. ट्रंकेतले फोटो पुढून पाहिले तर बहुतेक सामान्य आहेत. पाय कापलेले, क्षितिज कललेले, एकात तर मामांचीच सावली सबंध वऱ्हाडावर पडलेली. परंतु उलटून पाहिले की वेगळेच प्रकरण सुरू होते. माझे आजोबा सरकारी कचेरीत कारकून. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. आजोबांचे उरलेले सगळे नोकरीचे आयुष्य हिंदीत गेले. अर्ज हिंदीत, टिपणे हिंदीत, मुलांची प्रगतिपुस्तके हिंदीत. मराठीत ते लिहीत फक्त दोन ठिकाणी. नागपूरच्या बहिणीला पोस्टकार्डावर, आणि फोटोंच्या मागे. पोस्टकार्डे बहिणीबरोबर गेली. म्हणजे आमच्या घरात तीसेक वर्षांचे लिखित मराठी जे काही शिल्लक आहे, ते फोटोंच्या पाठीवर आहे. 'संत्र्याचा पहिला बहार. झाडे एकशे दहा, जगली त्र्याण्णव.' 'मोहगाव, अर्धनारीश्वराच्या देवळात. सर्पेला पाणी भरपूर. डावीकडून तिसरी ती आपली नव्हे, फोटोत आली.' हे शेवटचे वाक्य मला एखाद्या चांगल्या लघुकथेच्या आरंभासारखे वाटते. फोटोत आली! कोण होती कोण जाणे, पण आजोबांनी तिलाही जागा दिली.

कोडॅक कंपनीला ही गोष्ट एके काळी कळली होती. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने शंभर फोटोंचा रोल भरूनच कॅमेरा विकायला काढला. रोल संपला की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा, बाकीचे ते बघणार. सामान्य माणूस तेव्हापासून हौशी छायाचित्रकार झाला. पण १९१४मध्ये याच कंपनीने एक मजेदार कॅमेरा आणला. त्याच्या पाठीला एक बारीकसे झाकण. फोटो घेतला की ते उघडायचे आणि धातूच्या टोकाने आत लिहायचे, दिवस, गाव, नाव. ते अक्षर निगेटिव्हच्याच कडेला उमटे. म्हणजे प्रकाशाने काढलेले चित्र आणि हाताने लिहिलेली ओळ एकाच फिल्मवर. १९३२च्या सुमारास ही पद्धत बंद पडली. लोकांना लिहायचा कंटाळा आला असावा.

आपल्या जिल्ह्याचे जगाला ठाऊक असलेले चित्र एकच आहे, गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात रोवलेला पळस, त्याच्यावरचा झेंडा, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून सुटणारे दगड. दरवर्षी वर्तमानपत्रांतून तेच फोटो येतात. आता मोबाइलवरही येतात. तांत्रिकदृष्ट्या त्यांना नावे ठेवता येत नाहीत. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात शटर मिटते आणि दगड हवेत स्थिर राहतो, त्याच्या कडा मोजून घ्याव्यात इतका स्पष्ट. आणि तेथेच तो फोटो मला फसलेला वाटतो. हवेत टांगलेल्या दगडाला वजन नसते. तो कोणाला लागला हे त्या फोटोला ठाऊक नसते. बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला दोष देत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका वर्षी मीही सावरगावच्या बाजूच्या एका गच्चीवरून, उसन्या लांब भिंगाने छत्तीसच्या छत्तीस फोटो घेतले. धुऊन आल्यावर पाहतो तो त्यांत एकही ओळखीचा चेहरा नाही. आणि पात्रात तर निम्मे माझे ओळखीचे होते, काही माझ्या वर्गातले. त्यांना मी शाळेत जायला सांगतो, दगड उचलू नका म्हणून सांगतो, आणि गच्चीवर उभा राहून त्यांची गर्दी करून टाकतो. ते फोटो मी कोणाला दाखवले नाहीत.

मला माहीत असलेला गोटमारीचा सर्वांत चांगला फोटो मामांनी क्लिक थ्रीने काढलेला आहे. त्यात नदी नाही, झेंडा नाही, दगड नाही. माझे मोठे काका ओसरीवर खाटेवर बसले आहेत, कपाळाला पट्टी, हातात कासंडी, आणि नेहमीप्रमाणे किलकिले डोळे. मागे आजोबांच्या अक्षरात: 'डोके फुटल्याचा नववा दिवस. आज भाकर खाल्ली. १९७९.' नऊ दिवस घरात काय चालले असेल, हे त्या एका क्रियापदातून कळते. पुढची बाजू नुसती असती तर पट्टी बांधलेला एक माणूस. मागची बाजू नुसती असती तर एक नोंद. दोन्ही मिळून जे होते त्याला मी कलाकृती म्हणायला तयार आहे, आणि याबाबत आमच्या हिंदीच्या सरांशी वाद घालायलाही.

हौशी छायाचित्रकाराच्या पुस्तकांचा विषय निघाला की उद्धव ठाकरे यांची 'महाराष्ट्र देशा' (२०१०) आणि 'पहावा विठ्ठल' (२०११) ही दोन पुस्तके डोळ्यांपुढे येतात. राजकारणाशी मला येथे कर्तव्य नाही. पहिल्या पुस्तकातली किल्ल्यांची आकाशातून घेतलेली चित्रे मला खरोखर शिकवून जाणारी वाटली. तटाची रेघ डोंगराच्या सोंडेबरोबर कशी वळते, माची कोठे निमुळती होते, हे पायथ्याशी उभे राहून कळत नाही. बांधणाऱ्याच्या डोक्यातला नकाशा वरूनच दिसतो. वारीला मात्र उंची मानवत नाही असे माझे मत आहे. किल्ला हा आराखडा आहे, वारी हा आराखडा नव्हे. वरून माणसांची नदी होते, सुंदर होते, आणि वारकरी नाहीसा होतो. संदेश भंडारे यांच्या वारीच्या छायाचित्रांत भेगाळलेली टाच माणसाच्या उंचीवरून दिसते, म्हणून तेथे मी अधिक रेंगाळतो. भंडारे हौशी नव्हेत, पण या एका बाबतीत त्यांचे भिंग हौशी माणसाचे आहे, सहा फुटांवरचे.

आणि एक आपला, सीमेवरचा सल. महाराष्ट्राच्या किल्ल्यांच्या पुस्तकात देवगड नसणार, हे उघडच आहे. तो छिंदवाडा जिल्ह्यात आहे. पण ज्या बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले त्या गोंड राजाचा तो गड. मध्य प्रदेशाची गुळगुळीत पुस्तके उघडावीत तर खजुराहो, सांची, मांडू यांच्यापुढे देवगडाला अर्धे पान मिळाले तरी पुष्कळ. दोन्ही राज्यांच्या चित्रपुस्तकांच्या मधल्या घडीत आपण राहतो. तेथले फोटो व्यावसायिक काढणार नाही, त्याला कोणी पाठवणार नाही. ते काम रविवारी मोटारसायकलने डबा घेऊन जाणाऱ्या हौशी माणसाचेच. माझे देवगडाचे चाळीसेक फोटो आहेत. नगारखान्याचा एक बरा आहे.

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९८० साली छायाचित्रावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याच्या मध्यभागी त्याच्या आईचा, ती पाच वर्षांची असतानाचा, १८९८ सालचा एक फोटो आहे. सारे पुस्तक त्या फोटोभोवती फिरते आणि तो फोटो मात्र पुस्तकात छापलेला नाही. त्याचे म्हणणे असे, की तो माझ्यासाठी आहे. तुम्हाला तो हजारांतला एक दिसेल. हौशी माणूस छायाचित्राच्या गाभ्याच्या अधिक जवळ असतो, असेही त्याने म्हटले आहे. फार मोठ्या समीक्षकाचे मत आपल्या बाजूने आले की बरे वाटते. तरी येथे माझा थोडा मतभेद आहे. बार्थने फोटो दडवला आणि त्याबद्दल शंभर पाने लिहिली. आमच्या आजोबांनी फोटो सगळ्यांपुढे ठेवला आणि मागे एक ओळ लिहिली. मला दुसरी रीत अधिक जवळची वाटते. ती परक्यालाही आत घेते, त्या डावीकडून तिसरीसारखी.

मोबाइलची निंदा मी करणार नाही. शाळेत रोज करून कंटाळलो आहे. उलट मुलांना प्रकाश आमच्यापेक्षा चांगला कळतो. संत्र्याच्या बागेत दुपारी बारा वाजता फळावर पांढरा डाग पडतो, म्हणून सकाळी सातला जायचे, हे माझ्या एका दहावीतल्या विद्यार्थिनीने मला सांगितले. मला ते कळायला चार रोल लागले होते. अडचण वेगळीच आहे. पुण्याहून मुलगा नातीचे तीनतीनशे फोटो एका दमात पाठवतो आणि त्यांना मागची बाजूच नसते. असतो तो एक इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांचा डबा, जो कोणी वाचत नाही.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना घरून एकेक जुना फोटो आणायला सांगितले, आणि घरच्या मोठ्यांना विचारून त्याच्यासाठी एक ओळ लिहायला. भाषा कोणती, असे मुलांनी विचारले. मी म्हटले, घरी ज्या भाषेत सांगतील त्या. पस्तीस मुलांपैकी बऱ्याच जणांनी हिंदीत लिहिले, काहींनी मराठीत. एका मुलीने लिहिले: 'दादीची लहान बहीण. शादी के बाद कभी आई नहीं.' एकाच ओळीत दोन भाषा. व्याकरणाचे गुण द्यायचे असते तर मी पेन उचलले असते. नाही उचलले.

या निमित्ताने फोटो घरोघर बाहेर निघाले, तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. १९५०-६०चे कृष्णधवल फोटो शाबूत आहेत, आणि ऐंशीच्या दशकातली रंगीत लग्ने तांबूस पडली आहेत. कृष्णधवलात चांदीचे कण असतात, रंगीतात केवळ रंगद्रव्ये, आणि त्यांतले निळसर द्रव्य बहुधा आधी विटते. म्हणजे आमच्या पिढीचे चेहरे आमच्या आईवडिलांच्या चेहऱ्यांआधी जातील. मी आता निवडक फोटो पुन्हा छापून घेतो. नव्या कागदाची पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत. तिच्यावर शाईचे पेन पुसले जाते आणि बॉलपेनने दाबून लिहिले तर पुढे चेहऱ्यावर वळ उठतात. मऊ शिशाची पेन्सिल किंवा बारीक टोकाचे पक्क्या शाईचे मार्कर बरे. मार्करची शाई वाळेपर्यंत फोटो एकावर एक ठेवू नयेत.

दिवाळीपूर्वी आईला घेऊन बसलो आणि कोरी पाठ असलेले सतरा फोटो तिच्यापुढे ठेवले. सोळांची नावे तिने सांगितली, कोणाचे गाव, कोणाचे सासर, कोण कोणावर रुसून बसले होते ते सगळे. सतरावा एका तरुण बाईचा आहे. विहिरीच्या काठाशी उभी, कडेवर मूल, ऊन डोळ्यांवर. आईने तो खिडकीपाशी नेला, बराच वेळ धरून ठेवला आणि मला परत दिला.

"आपलीच आहे कोनीतरी," ती म्हणाली. "तसंच लिही."

मी तसेच लिहिले.